फुलांच्या मागचा पत्रा

सासरी माझी ओळख ‘टाक्या ठोकून पाहणारे जावई’ अशी आहे. जावई नेमकं काय करतात असं कोणी विचारलं, की माझे सासरे हवेत दार ठोठावल्यासारखं करून दाखवायचे आणि पीकपाण्यावर यायचे. मास्तर, तलाठी, कंपाउंडर यांची कामं एका शब्दात सांगता येतात. माझं काम सांगायला दोन कप चहा लागतो. आता निवृत्त झालोय, वेळ आहे, आणि अंकवाल्यांनी पानंही दिली आहेत, तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

मी वापरात असलेल्या टाक्यांच्या पत्र्याची जाडी मोजायचो. नव्या टाकीची जाडी बनवणारा सांगतो, तिथे माझं काम नाही. पण टाकी दहा-पंधरा वर्षं उन्हापावसात उभी राहिली, गंजली, रंगवली, परत गंजली, की मालकाच्या मनात येतं, अजून किती दिवस? त्याचं उत्तर मी द्यायचो आणि उत्तराखाली सही करायचो. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांतल्या तेलगिरण्या, कापसातली सरकी काढणारी जिनिंग, सोयाबीनचे कारखाने, आश्रमशाळा, कुठेही लोखंडी टाकी असली की एस.टी.नं जाऊन तिच्याभोवती फेरी मारायची.

आमच्याकडे नटबोल्टाच्या टाक्या बऱ्याच. जिनिंगमध्ये हवेत कापूस उडत असतो, तिथे वेल्डिंगची ठिणगी पाडायची हिंमत कोण करणार? आणि धारणीच्या पलीकडे तर वेल्डिंगचं सामान नेण्याजोगा रस्ताच नव्हता. मग कारखान्यातून गोलाईत वाकवलेले, भोकं पाडलेले पत्रे आणायचे, कडेला कड जोडून एक गोल कडं करायचं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. सांध्यांत रबराची पट्टी आणि हजारो बोल्ट. आठ-दहा दिवसांत टाकी उभी.

अशा टाकीत पाणी भरलं की ते पत्र्याला बाहेर ढकलतं. पाणी जितकं उंच आणि टाकी जितकी रुंद, तितका जोर जास्त, आणि सगळ्यात जास्त जोर तळाच्या कड्यावर. तो जोर सोसायला पत्रा कमीत कमी किती जाड पाहिजे, याचा हिशोब असतो. त्याला किमान जाडी म्हणतात. मोजलेली जाडी तिच्या वर असली तर टाकी पास. खाली गेली तर मग टाकीही झोपत नाही आणि मीही. त्यातून नटबोल्टाच्या टाकीचं एक वेगळं असतं. पोस्टाची तिकिटं आठवा. ती कुठून फाटतात? कागद सगळीकडे सारखाच असतो, पण फाटतात भोकांच्या ओळीतून. टाकीही तशीच. भोकाभोकांच्या मधे जेवढं लोखंड उरलंय तेवढंच खरं. आणि एक भोक फाटलं की त्याचा भार शेजारच्यावर जातो, मग त्याच्या शेजारच्यावर. ती गळत नाही. ती उसवते, खालपासून वरपर्यंत, एका दमात.

मोजायचं यंत्र तळहातावर मावतं. वायरीच्या टोकाला गोल बटण असतं. पत्र्यावर ग्लिसरीनचा थेंब लावायचा आणि बटण टेकवायचं. कानाला ऐकू न येणारा आवाज पत्र्यात शिरतो, पलीकडच्या बाजूला आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून आकडा दिसतो. एकदा धारणीकडे एका आश्रमशाळेत जाताना जीपच्या हिसक्यात ग्लिसरीनची बाटली फुटली. परत जायचं तर दोन दिवस मोडणार. मुख्याध्यापकांनी स्वयंपाकघरातून वाटीभर जवसाचं तेल दिलं आणि मी त्यावर अख्खी टाकी मोजली. अहवालात ‘माध्यम’ या रकान्यात प्रामाणिकपणे ‘जवसाचं तेल’ असं लिहिलं. आमच्या तपासणी ऑफिसातल्या साहेबांनी त्यावर लाल शाईनं लिहिलं, ‘फोडणी दिली का?’

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील अचलपूरजवळ बैलबंडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचे. मला नोकरी लागल्यावर त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “हे खोटं बोल्लं तं तुले कसं समजन?” मग स्वतःची लहान हातोडी दिली. चांगलं लोखंड वाजतं, खाल्लेलं लोखंड बोबडं बोलतं, हे मी कॉलेजात शिकलो नाही. ती हातोडी मी नोकरीभर पिशवीत ठेवली. ज्या एका जागी ती वाजवली नाही, त्या जागेची ही गोष्ट आहे.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एक जिनिंग होतं. मालकाला सगळे शेटजी म्हणत. आवारात वीस फूट उंच, चोवीस फूट रुंद अशी नटबोल्टाची टाकी. आगीसाठी पाणी साठवायची. ती शब्बीर मिस्त्रींनी बसवलेली. शब्बीरभाई मूर्तिजापूरचे, तीन पिढ्या लोखंडातल्या. त्या टाकीचा एकूण एक बोल्ट त्यांनी स्वतःच्या हातानं कसला होता, आणि हे ते प्रत्येक भेटीत सांगायचे.

टाकी उभी राहिल्यावर दुसऱ्याच हंगामात जिनिंगमध्ये आग लागली होती. कापसाची आग पळते. कापूस निवडणाऱ्या बाया मागच्या शेडमध्ये अडकल्या. शब्बीरभाईंनी टाकीचा होजपाइप ओढत नेऊन शेडच्या दारावर पाण्याची भिंत धरली आणि बाया त्यातून भिजत बाहेर आल्या. सगळ्यात शेवटी आली शेवंताबाई. माळ्याच्या घरची, नवऱ्याचं झेंडूचं वावर जिनिंगच्या रस्त्यापलीकडेच. दुसऱ्या दिवशी तिनं टाकीच्या पायाशी ओंजळभर झेंडू ठेवला, तांब्याभर पाणी घातलं आणि बोल्टाला माळ अडकवली. मग तो नेमच झाला. रोज सकाळी कामावर शिरण्याआधी बाया टाकीला पाणी घालायच्या, फुलं ठेवायच्या. टाकीचं नाव पडलं टाकीमाय.

मी पहिल्यांदा ती टाकी मोजायला गेलो तेव्हा हा नेम पंधरा वर्षांचा झाला होता. बायांनी माझ्याभोवती कडं केलं.

“सायब, हे काय करून राहिले?”

“टाकीची जाडी पाहतो.”

“सोनोग्राफी हाय व माय,” एक म्हणाली. “टाकीमायले दिवस गेले काय?”

“सोळा वर्सं उभी हाय बिचारी,” शेवंताबाई म्हणाली. “आता कुठचे दिवस. गुडघे पाहा तिचे.”

तिनं गुडघे म्हटले ते थट्टेत. तिचं ऐकायला हवं होतं.

आमची पद्धत अशी, की टाकीवर चार दिशांना चार उभ्या रेषा धरायच्या आणि प्रत्येक रेषेवर तळापासून वरपर्यंत रंग खरवडून आकडे घ्यायचे. पूर्व झाली, दक्षिण झाली. पश्चिमेची रेषा नेमकी टाकीमायच्या फुलांवर आली. तिथे तळाशी हातभर उंचीचा ओल्या झेंडूचा ढीग, वर हळदकुंकवाचा थर, बोल्टांवर माळा. तिथे खरवडायचं म्हणजे फुलं बाजूला सारायची, कुंकू खरडायचं आणि वर हातोडी हाणायची. सगळ्या बाया पाहत होत्या. मीही त्याच मातीतला माणूस. मला ते जमलं नाही. मी रेषा दोन हात डावीकडे सरकवली. तिथे आकडा आला चार पूर्णांक तीन मिलिमीटर. मूळ पत्रा पाचाचा आणि किमान जाडी तीन. टाकी पास. अहवालाच्या चित्रात मात्र पश्चिमेची रेषा पश्चिमेलाच सरळ काढली. कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणालो असतो, दोन हातांनी काय फरक पडतो.

दोन वर्षं गेली. ती वर्षं वऱ्हाडाला वाईट. आमच्या जिल्ह्यांची नावं रोज पेपरात यायची आणि कशासाठी यायची ते इथे सांगायला नको. कापूस कमी आला, मग जिनिंग दोन महिनेच चाललं, मग चाललंच नाही. बाया घरी बसल्या. त्या उन्हाळ्यात गावाच्या पाण्याचे हाल झाले. तो सगळा खारपाणपट्टा आहे. जमिनीत पाणी असतं, पण तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गोडं पाणी लांबून टँकरनं आणायचं, आणि टँकर आला की विहिरीत ओतायचा, त्यात निम्मं पाणी परत खारं व्हायचं. तेव्हा शेटजींनी स्वतःहून तहसिलीत जाऊन सांगितलं, माझी टाकी रिकामी उभी आहे, धुऊन घ्या आणि गावासाठी वापरा. बंद कारखान्याच्या मालकानं असं म्हणायला मन मोठं लागतं. ते मी आजही मानतो.

तहसिलीनं एकच कागद मागितला. टाकी वीस फुटांपर्यंत भरायला योग्य आहे, असा दाखला. शेटजींनी मला बोलावलं. टँकर दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होते. नळाच्या तोट्या बसवून झाल्या होत्या, आणि त्या बसवल्या होत्या पश्चिमेला, टाकीमायच्या फुलांशेजारी. गावाला तीच बाजू जवळ.

मी पोचलो तेव्हा शब्बीरभाई टाकीत उतरून घासणं-पुसणं संपवून बाहेर आले होते आणि तळाच्या ओळीचे बोल्ट एकेक करून तपासत होते. आतला लेप अजून काचेसारखा आहे, म्हणाले. मी सावलीत बसून जुन्या अहवालावरून नवा दाखला लिहायला घेतला. खरं सांगतो, सहीपर्यंत आलो होतो.

“सायब, जरा इकडे या.”

शब्बीरभाई फुलांच्या जागी उकिडवे बसले होते. जिनिंग बंद होतं तरी शेवंताबाईचा नेम बंद नव्हता. फुलं ताजी होती, पत्रा ओला होता. शब्बीरभाईंनी माळ हळूच काढून खांद्यावर घेतली होती.

“हा बोल्ट घट्टच नाई होऊन राहिला.”

“आटे गेले असतील.”

“आटे नवे हाय. मीनंच बदलला. आटे नाई गेले सायब, पत्राच दबून राहिला. पाहा.” त्यांनी पाना फिरवला. बोल्टाचं डोकं लोखंडात रुतत गेलं, मऊ मातीत खुंटी रुतावी तसं.

मी फुलं ओंजळीनं बाजूला केली. हळदकुंकवाचा थर बोटभर जाड होता, त्याखाली रंग, रंगाखाली पापुद्रे. दसऱ्याला आवारातल्या सगळ्या यंत्रांना रंग द्यायचा रिवाज, त्यामुळे दरवर्षीचा थर आधीच्या गंजावर बसलेला. वडिलांची हातोडी काढली आणि वाजवली. बोबडा आवाज आला. त्यांना यंत्राची गरज पडली नसती. मी खरवडून, पुसून, ग्लिसरीन लावून बटण टेकवलं.

एक पूर्णांक सहा.

परत टेकवलं. एक पूर्णांक सहा. चार बोटं वर एक पूर्णांक नऊ. दोन हात डावीकडे, जिथे मी दोन वर्षांपूर्वी मोजलं होतं, तिथे अजूनही चार पूर्णांक दोन.

शब्बीरभाईंनी जिभेला बोट लावून पत्रा चाखला. “हातपंपाचं पानी,” ते म्हणाले. “खारं.”

सतरा वर्षं, रोज सकाळी, आवारातल्या हातपंपाचं खारं पाणी. वर ओल्या फुलांचा ढीग, दिवसभर ते पाणी धरून ठेवणारा. गंजाला याहून चांगली सोय कोणी केली नसती. बाहेर उभ्या असलेल्या मोकळ्या पत्र्यावरचं पाणी उन्हानं तासाभरात सुकतं. टाकीमायच्या पायाशी ते कधी सुकलंच नव्हतं.

उद्यापासून तिथेच, त्याच पत्र्यासमोर, हंडे-गुंड घेऊन बाया रांगेत उभ्या राहणार होत्या. अडीच लाख लिटर पाणी त्यांच्या डोक्याच्या वर. 

शेटजी आले. मी सांगितलं, वीस फुटांचा दाखला देता येणार नाही.

“काहून?” शेटजींनी जुना अहवाल पुढे केला. “ही सही कोनाची?”

“माझी.”

“दोन वर्सांत पत्रा उंदरानं खाल्ला काय मग?”

त्या क्षणी मला एक सोपी वाट दिसत होती. म्हणायचं, खारपाणपट्टा आहे, गंज झपाट्यानं वाढला. कागदावर ते खपलं असतं. चित्रात रेषा सरळ होती. शब्बीरभाईंना थोडं कळलं असतं, पण ते बोलले नसते. आणि दोष तरी कोणावर गेला असता? पाण्यावर, फुलांवर, बायांवर.

मी म्हणालो, “दोन वर्षांत नाही खाल्ला. तेव्हाही असाच असणार. मी इथे मोजलंच नव्हतं. इथे फुलं होती म्हणून बाजूला मोजलं, आणि कागदावर इथलं म्हणून लिहिलं.”

शेटजींनी जुना अहवाल घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, “मी गावाले जबान देऊन बसलो. आता तुमच्या फुलापायी मी काय तोंड दाखवू?”

“पाणी भरता येईल. पूर्ण नाही भरता येणार.”

मी तिथेच खाली बसून हिशोब मांडला. या टाकीच्या धंद्यात एक गोष्ट फार सरळ आहे. पाण्याची उंची अर्धी केली की लागणारी जाडीही अर्धी होते. वीस फुटांना तीन मिलिमीटर लागतात, तर एक पूर्णांक सहावर साडेदहा फूट निघतात. त्यातून सावधगिरीचं दीड फूट काढलं. नऊ फूट. त्या कुरतडलेल्या बोल्टांच्या ओळीला शब्बीरभाई आतून-बाहेरून जाड पट्ट्या लावून कसतील. तोट्या पश्चिमेच्या काढून पूर्वेला. पश्चिमेला दोर बांधायचा, तिकडे कोणी फिरकायचं नाही. पावसाळ्यानंतर तो पत्राच बदलायचा.

“नऊ फुटाची रेघ मारून देतो रंगानं,” शेटजी म्हणाले.

“रेघ नको शेटजी,” शब्बीरभाई म्हणाले. “मे महिन्यात पान्यापुढे कोन रेघ पायते? नऊ फुटावर एक जुनं तोंड हाय, झाकन लावून बंद केलेलं. ते उघडं ठेवतो. वर भरलं का पानी बाहीर. मंग कोनाच्याबी बापानं टाकी भरून दाखवावी.”

पिशवी भरत होतो तेव्हा शेवंताबाई आली. टोपलीत फुलं होती. टाकीचा उघडा पडलेला, काळपट, खाल्लेला भाग तिनं पाहिला. शब्बीरभाईंच्या खांद्यावरची माळ पाहिली. मला वाटलं, चिडेल.

“काय झालं गा शब्बीरभाऊ तिले?”

शब्बीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं, पाणी खारं आहे, फुलं ते धरून ठेवतात, त्यांच्याखाली पत्रा खाल्ला गेला.

ती खाली बसली. पत्र्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. “मंजे आमीच खाल्ली तिले.”

“तुमची चूक नाही बाई. मी दोन वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हा मला दिसायला पाहिजे होतं.”

“तुमी तं मोजत होते. मी पायलं होतं. पार तिकडून मोजत इथलोक आले, अन् मंग तिकडे सरकले. काहून?”

“तुमची फुलं होती. मान राखला.”

शेवंताबाईनं टोपलीतली फुलं पदरात घेतली. आवाज चढवला नाही.

“आमी जीव लावून पानी घातलं, तुमी मान राखून नाई पायलं. मंग टाकीकडं पायलं कोनं?”

 

ऑफिसात आल्यावर मी जुन्या अहवालाला दुरुस्तीचं पान जोडलं. ‘मागील तपासणीत पश्चिमेची रेषा दोन हात डावीकडे घेतली होती. चित्रात ती चुकीच्या जागी दाखवली आहे. कारण: तिथे फुलं होती.’ साहेबांनी मला बोलावून घेतलं. “फुलं होती, हे काय कारण आहे?” मी म्हणालो, कारण चांगलं नाही साहेब, पण खरं आहे. सहा महिने माझा सहीचा अधिकार काढून घेतला. मी मोजायचो आणि सही माझ्यापेक्षा लहान माणूस करायचा. माझ्या नोकरीतली इतर शेकडो पानं मी विसरलो. ते एक पान मात्र अजून तोंडपाठ आहे, आणि पोरांना मी अभिमानानं सांगतो, की तुमच्या बापानं लिहिलेलं सगळ्यात चांगलं पान तेच.

गावानं मात्र त्या उन्हाळ्यात मला शिव्याच घातल्या. टाकी निम्मीही भरत नव्हती, एक दिवसाआड येणारी पाळी दोन दिवसांआड गेली. ‘त्या मोजनाऱ्या सायबानं आमचं पानी तोडलं’ हे मी एस.टी.त माझ्या मागच्या सीटवरून स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. उतरून जाईपर्यंत मान वळवली नाही. टाकीला काहीही झालं नाही. आमच्या धंद्यात यश असंच असतं. काहीच होत नाही, आणि त्यामुळे तुम्ही बरोबर होतात हेही कोणाला दिसत नाही.

गावाला दिसलं दसऱ्याच्या आठवड्यात. शब्बीरभाईंनी पत्रा बदलायला बोल्ट सोडले. वेल्डिंगची टाकी असती तर कापाकापी करावी लागली असती. ही नटबोल्टाची, लुगड्याची निरी सोडावी तशी बाजू मोकळी झाली. पूजेला म्हणून गाव गोळा झालं होतं. शब्बीरभाईंनी काढलेला जुना पत्रा दगडांना टेकवून उभा केला, फुलांच्या जागेची कड दोन्ही हातांनी धरली आणि बाहेर ओढली. पत्रा भोकांच्या ओळीतून फाटला. चर्र करून, तीन भोकं, चार, पाच. साठीच्या माणसाच्या नुसत्या हातांनी.  मग मागून एक म्हातारा म्हणाला, “आमी याच्यापुढे पोरं घेऊन उभं राहनार होतो काय?” तेवढंच.

फाटलेल्या कडेचा वीतभर तुकडा मी मागून घेतला. तो घरी माझ्या टेबलावर आहे. बायको दर दिवाळीला तो भंगारात काढते आणि मी परत आणून ठेवतो.

त्या दिवसानंतर कुठेही गेलो, अकोल्याच्या तेलगिरणीत की परतवाड्याच्या लाकूडबाजारात, तर आधी विचारायचो, इथे पूजा कुठे करता? पहिला आकडा तिथला. लोक थोडे बिचकायचे. मी चपला काढायचो, हात जोडायचो, फुलं स्वतःच्या हातानं उचलून ताटात ठेवायचो, मोजायचो आणि परत वाहायचो. कोणी कधी अडवलं नाही. इतकं सोपं होतं ते. पहिल्याच वेळी जमलं असतं.

निवृत्तीच्या आधी शेवटची तपासणी म्हणून मी मुद्दाम तीच टाकी मागून घेतली. जिनिंग दुसऱ्या कोणी घेतलं होतं, हंगाम सुरू होता. शब्बीरभाई थकले होते, पण खुर्ची टाकून बसायला आले. टाकीपासून चार हातांवर सिमेंटचा छोटा ओटा दिसला. फुलं, पाणी, हळदकुंकू सगळं त्या ओट्यावर. टाकीचा पाया खडखडीत कोरडा.

शेवंताबाईचे केस पांढरे झाले होते. तिनं मला हातानं धरूनच टाकीच्या पश्चिमेला नेलं. जुन्या फुलांच्या जागी, बोल्टांच्या ओळीजवळ, रुपयाएवढी जागा रंग काढून लखलखीत केलेली होती.

“तारेच्या घासनीनं घासली. तुमी येनार म्हून मिस्त्री सांगत होते. आधी इथं मोजा.”

मी बटण टेकवलं.

“किती?” तिनं विचारलं.

“चार पूर्णांक आठ.”

शेवंताबाई शाळेत गेलेली नाही. तिनं क्षणभर टाकीच्या वरच्या कडेकडे पाहिलं, मग खाली.

“तीन पायजे वीस फुटाले,” ती म्हणाली. “हाय मंग अजून लय. करा सही.”